खुर्ची रिकामी आहे

नॉक्सव्हिलच्या आमच्या दातांच्या डॉक्टरांचा सर्वांत सुखाचा काळ म्हणजे टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला कोच नसतो तो. एरवी माणूस सुतकी. संघ हरला की सोमवारी दवाखान्यात कोणाची धडगत नसते, आणि जिंकला तरी "बचाव फळी कच्ची आहे" ही कुरकुर चालूच. पण जुन्या कोचला नारळ मिळाल्याची बातमी आली, की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही ते इतकं चढलं नव्हतं, असं त्यांची रिसेप्शनिस्ट सांगते.

हा फुटबॉल अमेरिकी. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. त्यासाठी नेलँड स्टेडियममध्ये लाखभर माणसं नारिंगी कपडे घालून बसतात, आणि कोच कोण असावा हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. डॉक्टरांना जरा जास्त ठाऊक असतं. शिवाय त्यांच्या श्रोत्यांच्या तोंडात कापूस असल्यामुळे उलट बोलणारा कोणी भेटत नाही.

2008 ते 2021 हा त्यांचा सुवर्णकाळ. 1998 चं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या फिलिप फुल्मरला 2008 मध्ये घालवलं आणि मग खुर्ची काही स्थिर होईना. लेन किफिन आला, एक हंगाम राहिला आणि जानेवारी 2010 मध्ये कॅलिफोर्नियाला पसार झाला. त्या रात्री विद्यार्थ्यांनी गाद्या जाळल्या. मग डेरेक डूली. मग बुच जोन्स, ज्याने आपल्या खेळाडूंनी आयुष्याचं अजिंक्यपद जिंकल्याचं सांगितलं आणि पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, संघ आठ सामने हरला. प्रत्येक वेळी डॉक्टर नव्याने तरुण झाले.

प्रत्येक वेळी त्यांचं नावही एकच: जॉन ग्रुडेन. ग्रुडेनने व्यावसायिक संघाला सुपर बोल जिंकून दिला होता, उमेदवारीच्या काळात तो टेनेसीत होता, आणि त्याची बायको इथल्याच चीअरलीडर पथकातली. "सासुरवाडी आहे हो त्याची," डॉक्टर म्हणायचे, जणू करार झालाच. 2017 मध्ये तो गावातल्या एका हॉटेलात जेवताना दिसल्याची आवई उठली, तेव्हा डॉक्टरांनी दुपारच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या. ग्रुडेनने जानेवारी 2018 मध्ये दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरचा करार केला, पण ओकलंडच्या रेडर्सशी.

शोधाचं तंत्र ठरलेलं. खासगी विमानं कुठून उडतात आणि कुठे उतरतात ते बघत बसायचं. या शास्त्राची दीक्षा त्यांना ऑबर्नने दिली. 2003 च्या नोव्हेंबरात ऑबर्न विद्यापीठाचे अध्यक्ष आणि क्रीडा संचालक अलाबामाविरुद्धच्या सामन्याच्या तोंडावर विमानाने गुपचूप जाऊन लुईव्हिलच्या कोचला, बॉबी पेट्रिनोला, भेटून आले. आपला कोच टॉमी टबरव्हिल नोकरीवर असताना! मग टबरव्हिलने अलाबामाला हरवलं, विमानाचं बिंग फुटलं, आणि ज्याला काढायचं होतं त्याचीच खुर्ची पक्की झाली. पुढच्या वर्षी त्याने तेराच्या तेरा सामने जिंकले. मला यातून दिसतं ते असं, की साहेब लोकांना संघातलं फारसं कळत नाही. डॉक्टरांना दिसतं ते असं, की विमानाच्या शेपटीवरचा नंबर नेहमी टिपून ठेवावा.

त्यांचा परमोच्च क्षण म्हणजे 26 नोव्हेंबर 2017, रविवार. ग्रेग शियानोशी बोलणी पक्की झाल्याचं फुटलं आणि दुपारपर्यंत गाव रस्त्यावर. पेन स्टेट विद्यापीठातल्या लैंगिक अत्याचारांच्या जुन्या प्रकरणात त्याचं नाव घेतलं गेलं होतं, त्याने ते साफ नाकारलं होतं. त्यावरून आमदारसुद्धा निषेधाला उतरले. संध्याकाळी करार बारगळला. काहींचा राग खरा असेल, पण माझ्या समजुतीप्रमाणे डॉक्टरांचा मुख्य आक्षेप शियानो हा ग्रुडेन नाही, इतकाच होता. मग ओक्लाहोमा स्टेटचा माइक गंडी जागचा हलला नाही. क्रीडा संचालक जॉन करी आणखी एका कोचला, माइक लीचला, भेटायला थेट लॉस एंजेलिसला गेले, तर परत बोलावून त्यांनाच घरी बसवलं. त्यांच्या जागी आले फुल्मर, नारळ मिळालेले. त्यांनी निवडलेला जेरेमी प्रुइट 2021 मध्ये खेळाडूभरतीतल्या गैरप्रकारांवरून गेला, विद्यापीठाला पुढे 80 लाख डॉलर दंड झाला, आणि डॉक्टर पुन्हा प्रसन्न.

"संघ कशाने मोठा होतो?" असं मी एकदा कापूस काढल्या काढल्या विचारलं. "कोच!" तोंडावर उत्तर. मी म्हटलं, "स्टेडियमला ज्याचं नाव दिलंय तो रॉबर्ट नेलँड लष्करी शिक्षण द्यायला आलेला कॅप्टन, आधी साहाय्यक होता, 1926 मध्ये मुख्य झाला. फुल्मर घरचाच साहाय्यक. 1992 मध्ये जॉनी मेजर्सची हृदयशस्त्रक्रिया झाली तेव्हा जागा सांभाळायला बसला आणि पुढे तिथेच राहिला. यांना शोधायला कोणाचं विमान उडालं होतं?" आणखीही सांगणार होतो. टेनेसीत चांगले खेळाडू पुरेसे पिकत नाहीत, ते बाहेरून आणावे लागतात; पेटन मॅनिंग न्यू ऑर्लिन्सचा, 1998 चा क्वार्टरबॅक टी मार्टिन अलाबामातल्या मोबीलचा. म्हणजे खरं काम दारोदार फिरून सतरा वर्षांच्या पोरांच्या आयांसमोर बसणाऱ्या साहाय्यकांचं, आणि त्यांना चार-पाच वर्षं न हलवणाऱ्या वरिष्ठांचं. पण डॉक्टरांनी तोपर्यंत तोंडात आरसा घातला होता.

जोश ह्यूपेलच्या वेळी मात्र त्यांचा विश्वासघात झाला. जानेवारी 2021 मध्ये डॅनी व्हाइट नवे क्रीडा संचालक झाले आणि आठवड्याच्या आत आपल्याच जुन्या विद्यापीठातला कोच घेऊन आले. ना अफवा, ना हॉटेल. "ही काय शोधाची पद्धत झाली?" डॉक्टर महिनाभर धुमसत होते. त्याच ह्यूपेलने 15 ऑक्टोबर 2022 ला अलाबामाला 52-49 ने हरवलं, सलग पंधरा पराभवांनंतर. लोकांनी गोलपोस्ट उपटून टेनेसी नदीत नेऊन टाकले. डॉक्टरही रडले. मंगळवारी विचारलं तर म्हणाले, "छान झालं. पण आता हा दहा वर्षं हलायचा नाही."

अलीकडे पुन्हा रंग चढलाय. आता खेळाडूच कोचसारखे विद्यापीठं बदलतात, पैसेही घेतात. एप्रिल 2025 मध्ये क्वार्टरबॅक निको यामालियावा टेनेसी सोडून लॉस एंजेलिसच्या यूसीएलएला गेला आणि तिथला जोई अगिलार इकडे आला. असलं साटंलोटं डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझ्या दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून ते म्हणाले, "कायमचं पुढच्या वेळी बघू. आत्ता जरा विमानं बघतो."