आत्या मधल्या सीटवर

'टॅक्स कमी झाला की बघू' हे उत्तर मी घरात बरीच वर्षं वापरलं. ते कधी अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं. पण २२ सप्टेंबर २०२५ ला सरकारने चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी खरोखरच १८ टक्क्यांवर आणला, आणि त्या रात्री जेवताना बायको, मुलगी आणि आत्या अशा तिघीजणी माझ्याकडे नुसत्या बघत बसल्या. शेवटी बायको म्हणाली, "मग? बघताय ना?"

बघण्यासारख्या गाड्या बाजारात डझनभर आहेत. आमच्यापुढे दोनच होत्या: टाटाची नेक्सॉन आणि महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ. हे काही अभ्यासाने ठरलं नव्हतं. पहिली मेहुण्याकडे आहे, दुसरी साडूकडे. तिसरी कुठली घेतली असती तर बायकोचं माहेर एकजुटीने उलटलं असतं.

त्यातून मेहुणा शिरूरचा. नेक्सॉन रांजणगावच्या कारखान्यात तयार होते, म्हणजे त्याच्याच तालुक्यात, त्यामुळे तिच्यावर महागणपतीचा वरदहस्त आहे असं त्याचं म्हणणं. साडू नाशिकचा आणि ३एक्सओही नाशिकचीच. ती गोदावरीचं पाणी प्यायलेली आहे, असं साडू म्हणतो. दोघांची डिझेल, दोघांचे हप्ते चालू. हप्ते चालू असलेल्या माणसाला गाडीबद्दल मत विचारू नये, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण ही दोघं न विचारता देतात. आत्याच्या जिभेवर ती इंग्रजी नावं बसेनात, म्हणून तिने 'रांजणगावची' आणि 'नाशिकची' असं बारसं करून टाकलं. स्थळं बघायला निघाल्यावर असंच बोलतात.

भाऊबीजेला मेहुणा सहकुटुंब ओवाळून घ्यायला आला आणि साडूही मेहुणीला घेऊन आला. दोन्ही गाड्या आमच्या सोसायटीत शेजारी शेजारी लागल्या. बायकोने फर्मान काढलं: उद्या दिवेआगरला जायचं. जाताना अहोंनी भावाची चालवायची, येताना भाऊजींची. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सिग्नलपासून पेट्रोल पंपापर्यंत, एसी फुल, शेजारी बोलत सुटलेला सेल्समन, आणि मागे कुणालाही गाडी लागलेली नाही. त्यात काय कळणार? दहा माणसं, दहा सीटा. कुणीतरी दोन्ही गाड्यांत मागे मध्ये बसणार, हे उघड होतं.

या मधल्या माणसाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आला आणि छोटी म्हणजे किती, तेही ठरलं. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. कर बदलले, नावं बदलली, पण ती चार मीटरची पट्टी तशीच राहिली. तेव्हापासून आपल्याकडे गाडीचं तोंड इंजिनिअर काढतो आणि शेपूट अर्थखातं कापतं. नेक्सॉन ३,९९५ मिलिमीटर, ३एक्सओ ३,९९०. एवढ्या लांबीत दणकट बॉनेट हवं, डिकी हवी, पाच माणसं हवीत. इंजिन काही मागे सरकत नाही. म्हणजे करात जे वाचतं ते शेवटी मागच्या सीटवरच्यांच्या गुडघ्यांतून वसूल होतं. म्हणूनच गाड्यांच्या जाहिरातीत मागे आई नाहीतर एक मुलगा-मुलगी असतात आणि मध्ये रिकामी जागा असते. त्या रिकाम्या जागेवर आमच्या घरी आत्या बसते.

आत्या महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. खिडकीची एक जागा मुलीची, कारण तिला गाडी लागते. दुसरी बायकोची, कारण तिला हवा लागते. "मी बसते गं मध्ये, माझं काय!" असं आत्या म्हणते आणि त्यानंतर दिवसभर कुणाला सुखाने बसता येत नाही.

सकाळी डिकी भरतानाच ठिणगी पडली. मेहुण्याने डिकी उघडून धरली आणि म्हणाला, "दाजी, तीनशे ब्याऐंशी लिटर!"

साडू शांतपणे म्हणाला, "आमची तीनशे चौसष्ट. पण माणसं आत बसतात हो."

"लिटर?" आत्या म्हणाली. "ताक नेणार आहात का त्यातून?"

चांदणी चौक ओलांडायच्या आत गाडी टुंटुं करायला लागली. मागच्यांनीही पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं आहे आणि हल्लीच्या गाड्या ते विसरू देत नाहीत. खिडकीवाल्यांचे पट्टे लागले. मधल्या पट्ट्याचं कुलूप मात्र आत्याच्या खाली होतं. बायकोने उजवीकडून हात घातला, मुलीने डावीकडून, दोघींना एकमेकींचा हात सापडला. आत्या समोर बघत ताठ बसलेली. मेहुणा पुढून वळून म्हणाला, "आत्या, जरा उठता का?" चालत्या गाडीत मधल्या सीटवरचा माणूस कुठे उठणार? शेवटी भूगावला गाडी बाजूला घेतली, आत्याला खाली उतरवलं, कुलूप वर काढलं, आत्याला परत बसवलं. टुंटुं थांबली. सांगून ठेवतो, येताना नाशिकच्या गाडीतही अगदी हेच झालं. हा प्रश्न गाडीचा नाही, नऊवारीच्या घेराचा आहे.

दोन्ही गाड्यांचे फोन स्पीकरवर होते. वेगवेगळ्या गाड्यांत बसूनही भांडता यावं यासाठीच ही सोय केली असावी. पौडच्या पुढे चढ लागला की साडू म्हणायचा, "तीनशे!" म्हणजे तीनशे न्यूटन मीटरचा टॉर्क. मेहुण्याच्या गाडीचा दोनशे साठ, तेव्हा तो तिकडे न जाता खड्डा आला की म्हणायचा, "दोनशे आठ!" म्हणजे जमिनीपासूनची उंची, मिलिमीटरमध्ये. पौड ते मुळशी रस्ताभर हा जप चालला होता. मला दोन्ही पटत होतं, कारण चढ आला की गाडी चढत होती आणि खड्डा आला की आपटत नव्हती. आपल्या रस्त्यांवर याहून जास्त अपेक्षा मी कुणाकडूनच करत नाही.

मुळशीचं पाणी दिसलं आणि मेहुण्याला चेव आला. "दाजी, हे धरणपण टाटांचंच!"

स्पीकरमधून आवाज आला, "हो ना! आणि १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तोही याच धरणाविरुद्ध!"

मेहुणा गप्प झाला. आत्या मात्र जागी झाली. चौथीच्या वर्गाला शिकवावा तसा तिने मुळशी सत्याग्रह पहिल्यापासून सुरू केला. जमिनी गेलेले मावळे आले, तुरुंगवास आला, आणि ताम्हिणीचं पहिलं मोठं वळण आलं तेव्हा धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे निघालं होतं. तेवढ्यात फोनची रेंज गेली. घाटाइतकी शांतता मी त्या दिवशी दुसरीकडे कुठेही अनुभवली नाही.

ताम्हिणीत पावसाळ्यातली गर्दी नव्हती. गवत पिवळं पडायला लागलेलं, एखादा धबधबा नुसती ओल धरून. उताराला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धरून मी आरामात उतरत होतो. मेहुण्याने डाव्या पायाने कार्पेटवर ब्रेक दाबत माझ्याबरोबर सगळा घाट उतरवला. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, थांबवा." थांबवली. ती खाली उतरून झुडपाआड गेली आणि मेहुणा म्हणाला, "बघा, थांबवली तेव्हा झटका बसला का?"

विळ्याच्या पुढे निजामपूरला वडापाव झाला. तिथे आत्याची पहिली तोंडी परीक्षा झाली.

"सुरक्षेचे तारे किती म्हणालास?"

"पाच," मेहुणा म्हणाला. "२०१८ साली ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी. आता भारत एनकॅपचेही पाच."

"आणि तुझ्या गाडीला?"

"पाच," साडू म्हणाला.

"मग भांडता कशाला?" असं म्हणून आत्याने मिरची बाजूला काढली.

तिचं म्हणणं रास्त होतं. दोन्ही गाड्यांत कागदावर फरक आहेत ते बोटाएवढे. रुंदीत १७ मिलिमीटर नाशिकची जास्त. "त्यातले माझ्या वाट्याला किती?" आत्याने विचारलं. तिघांत वाटायचे म्हणजे साडेपाच-सहा. खरा फरक एकाच ठिकाणी आहे: पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर. नेक्सॉनचं २,४९८, ३एक्सओचं २,६००. सुमारे अर्धी वीत. पण अर्धी वीत कागदावर वाचून कळत नाही, त्यासाठी गुडघे लागतात. आणि पुढच्या दोन सीटांच्या मधून मागच्यांसाठी एसीची हवा सोडणारी जी जाळी निघते, ती दोन्ही गाड्यांत नेमकी मधल्या माणसाच्या गुडघ्यांवर रोखलेली असते. आत्याला संधिवात आहे. माणगाव ते म्हसळा तिने त्या जाळीवर उपरणं टाकून ठेवलं होतं.

दिवेआगरला पोचलो तेव्हा उकडीचे मोदक तयार होते. आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर तिथे मिळत नाहीत. जेवण झालं, सुवर्णगणेशाचं दर्शन झालं, आणि सुरूच्या बनातून समुद्रावर गेलो तर मेहुणा आणि साडू यांच्यात त्या दिवशी प्रथमच एकमत झालं. दोघांनाही गाडी वाळूत घालायची होती.

गाडी उंच आहे, खाली काळं प्लास्टिक आहे, वर रेलिंग आहे, म्हणजे ती वाळूत चालते असा एक समज पुरुषांत आढळतो. या दोन्ही गाड्यांची फक्त पुढची चाकं ओढतात, मारुती आठशेची ओढायची तशीच. हे मी सांगेपर्यंत समोरच प्रात्यक्षिक सुरू झालं. भल्यामोठ्या अंगाची कुणाचीतरी एक गाडी पाण्याच्या कडेला चाकभर रुतली होती. मालक हाफ पँटमध्ये, बायको चपला हातात घेऊन दूर उभी, मुलं खूश. ट्रॅक्टरवाला आला, साखळी बाहेर काढली, पण अडकवली नाही. आधी दर ठरला. मालकाने तीनशे म्हटलं. ट्रॅक्टरवाल्याने समुद्राकडे बघितलं. लाट जरा आणखी वर आली. मालक हजारावर आला.

गाडी निघाल्यावर मेहुण्याने ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. "दादा, तुम्ही रोज बघता. या दोन्हीपैकी कुठली बरी?"

त्याने सुरूखाली उभ्या असलेल्या दोन्ही गाड्यांकडे नीट पाहिलं. "ओढायला दोन्ही हलक्या हायत," तो म्हणाला.

इतकं निःपक्षपाती मत मला कुठल्याही शोरूममध्ये मिळालं नव्हतं. दोघांनी मुकाट्याने किल्ल्या खिशात टाकल्या.

परतताना बायका खरेदीला निघाल्या आणि डिकीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. नारळ, श्रीवर्धनी रोठा सुपारी, आमसुलं, पोह्याचे पापड, वर घरगुती मसाल्याची पिशवी. नाशिकच्या डिकीत बॅगा बसल्या, पापड बसले, आणि नारळाचं पोतं हातात राहिलं. साडूने पोतं आडवं लावलं, उभं लावलं, डिकीचं झाकण मांडीने दाबून पाहिलं. मेहुणा एक शब्द बोलला नाही. नुसती आपली डिकी उघडून बाजूला उभा राहिला. पोतं तिकडे गेलं.

आता मी साडूच्या गाडीत. साडू शेजारी, मागे त्याच तिघी, आत्या मध्ये. पट्ट्याचा तो कार्यक्रम झाला. सनरूफ उघडून दाखवायचा कार्यक्रम झाला. मुलीला उभं राहून डोकं बाहेर काढायचं होतं. आत्या म्हणाली, "टोपलीतल्या कोंबडीसारखी मान काढायची नाही. बस खाली." सनरूफ बंद झालं. महाराष्ट्राच्या उन्हात आणि पावसात या खिडकीचा उपयोग वर्षातून दोन महिने असेल, पण शोरूममध्ये लोक पहिल्यांदा तेच विचारतात.

माणगाव गेलं, निजामपूर गेलं. साडू टॉर्कचा आकडा सांगायला लागला. बायको म्हणाली, "शूऽऽ." मी आरशात बघितलं. आत्या झोपली होती. मान बायकोच्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं, पाय एसीच्या जाळीखाली नीट पसरलेले. घाट सुरू झाला, वळणं आली, पुढे एक एसटी ब्रेक मारून थांबली, मागून मेहुण्याने मुद्दाम हॉर्न दिला असावा असा माझा संशय आहे. आत्या उठली नाही. सकाळी तिने याच घाटात मुळशी सत्याग्रह सांगितला होता.

पौडला चहाला थांबलो तेव्हा साडूच्या चेहऱ्यावर नाशिकला कुंभमेळा भरल्याचं तेज होतं. मेहुण्याने हरकत घेतली. "हे धरता येणार नाही. जाताना आत्या उपाशी होत्या. आता मोदक खाऊन आल्यात. चार."

"पाच," आत्या म्हणाली.

"बघा! पाच! मग कुठल्याही गाडीत झोप लागेल. दाजी, परत एकदा जाऊ. मोदक न खाता."

"मोदक न खाता मी येत नसते," आत्या म्हणाली आणि विषय संपला.

नाशिकची बुक केली. रंग कुठला, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. शिरूरकडून बरेच दिवस फोन आला नाही. मग एका सकाळी मेहुण्याचा फोटो आला: त्याची उघडी डिकी, आत ते नारळाचं पोतं, त्याच्या बाजूला अजून एक पोतं मावेल एवढी मोकळी जागा. खाली लिहिलं होतं, 'दाजी, पुढच्या वेळी नारळ कुठे ठेवणार?'

मी बायकोला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला.

"त्याला कळवा," ती म्हणाली, "आत्यांच्या पायाशी. तिथेच तर जागा आहे."