गुहागर व्हाया उंब्रज

मोबाइलमधल्या बाई म्हणतात, ‘तुम्ही आता एका निवांत समुद्रकिनाऱ्यावर आहात.’ इथेच माझं घोडं पेंड खातं. पुण्याच्या माणसाला असं एकदम समुद्रकिनाऱ्यावर असता येत नाही; तिथे जावं लागतं. मी डोळे मिटते, गुहागर नक्की करते (सुरूचं बन आहे, व्याडेश्वराचं दर्शनही होतं) आणि मन लगेच पहाटे गाडी काढतं. गॅस बंद केला का, हे बघायला एकदा परतही येतं. बाई मऊ वाळूपाशी येतात तेव्हा मी उंब्रजला महामार्ग सोडून पाटणकडे वळत असते. त्या लाटेबरोबर श्वास सोडायला सांगतात, तेव्हा कुंभार्ली घाटात माझ्यापुढे ट्रक असतो आणि त्याच्यापुढे दुसरा ट्रक. ‘आता अलगद डोळे उघडा,’ हे ऐकू येतं त्या वेळी मी जेमतेम चिपळुणात शिरलेली असते. समुद्र म्हणून अजून दिसलेला नाही.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी आणि लेकीने हे ॲप, अशी दोन औषधं मला एकदमच सुरू झाली. गोळीला निदान कल्पनाशक्ती लागत नाही.

यात तथ्य नाही असं मात्र मी म्हणणार नाही. श्वास सावकाश, लांबवर सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे नाडीवर बोट ठेवून कोणालाही पाहता येतं. मनातल्या चित्राला शरीर भुलतं, हेही तिखटमीठ लावलेली कैरीची फोड डोळ्यांसमोर आणली की पटतं. पण मग तेच शरीर घाटातल्या वळणांनाही भुलतं, त्याचं काय? ध्यानाला बसण्याआधी गाडी लागू नये म्हणून आलेपाक तोंडात टाकणारी मी बहुधा एकटीच असेन.

आमच्या ह्यांची तऱ्हा वेगळी. म्हटलं, तुम्हीही डोळे मिटा, समुद्र बघा. ‘काही दिसत नाही,’ म्हणाले. लाटा? नाही. वाळू? नाही. बरं, माझा चेहरा तरी? यावर ते फारच शांत झाले.

लेक म्हणाली, अशी माणसं खरंच असतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थांनी १८८० च्या सुमारास लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणून त्याचं वर्णन करायला सांगितलं, तर भल्या भल्या शास्त्रज्ञांना काही दिसेचना. ॲडम झेमन या मेंदूतज्ज्ञांनी २०१५ साली या प्रकाराला ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं. नाव मिळाल्यापासून आमच्या घरात त्याचा सर्रास वापर चालू आहे. ‘वरून दुसरी फळी, डावीकडे, पिवळ्या झाकणाची डबी’ इतकं सांगूनही ह्यांना हिंग सापडत नाही, त्याला आता वैद्यकीय कारण मिळालं. आणि रक्तदाब म्हणाल तर १२०/८०. ज्याला समुद्र दिसत नाही, तो आरामात पोचलेला, मी घाटातच.

माझ्या आजीला ॲप लागलं नाही. ती मानसपूजा करायची. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या शिवमानसपूजेत रत्नांचं आसन, सोन्याच्या पात्रात तूप आणि पायस असा सगळा थाट आहे. मनातच करायचं तर हात कशाला आखडायचा? आजी मात्र मनातही दूधसाखरेचाच नैवेद्य दाखवायची. फुलं परसातलीच, तीही कळ्या न तोडता वेचलेली. चंदन उगाळताना तिची बोटं मांडीवर हलायची. मध्येच कोणी हाक मारली तर डोळे न उघडता सांगायची, ‘थांब गं, अजून गंध व्हायचंय.’ आणि त्या मनातल्या पूजेत कोणी शिवलं की पुन्हा पहिल्यापासून!

मला वाटतं, खरी मेख इथे आहे. त्या बाई मला किनाऱ्यावर नेऊन नुसतं बसवून ठेवतात. आमच्या घराण्यात बायकांनी नुसतं बसायची पद्धत नाही. रिकामं बसलं की मन ट्रक शोधायला जातं.

म्हणून मी गुहागर सोडलं आणि मेथी घेतली. मनातल्या मनात जुडीचा दोरा सोडायचा, माती झटकायची, पान धरून नखाने देठ खुडायचा, पिवळं पान बाजूला टाकायचं. दहाबारा काड्यांत खांदे खाली येतात. बँकेच्या रांगेत मी अर्धी जुडी करते.

परवा सोसायटीच्या सभेत तर पुरी जुडी झाली. गेटजवळचा गुलमोहर छाटायचा की मुळासकट काढायचा, हा विषय होता. महापालिकेच्या परवानगीशिवाय दोन्ही होणार नाही, हे ठाऊक असूनही लोक खुर्च्यांवरून उठून बोलत होते. वरच्या मजल्यावरच्या काकांचा आवाज चढला तसे मी डोळे मिटले आणि ताज्या, कोवळ्या मेथीला हात घातला. छान चाललं होतं. तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, ‘ताई, तुम्ही एवढ्या शांतपणे विचार करताय, तुमचं मत काय?’

‘मुळं काढून टाका,’ मी म्हटलं, ‘पण कोवळं आहे ते राहू द्या.’

सभा क्षणभर गप्प झाली. मग दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या, आणि ताईंचा पाठिंबा आपल्यालाच आहे, असं दोघांनीही इतिवृत्तात लिहून घेतलं.