डग्लससाहेब, आपली तक्रार निकाली निघाली आहे

मेहेरबान जेम्स डग्लससाहेब यांस,
मुक्काम : सध्या जिथे असाल तिथे.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

१८८३ साली आपण मुंबईवर एक पुस्तक छापलंत आणि त्यात जाता जाता रायगडाचेही वाभाडे काढलेत. समाधीच्या फरसबंदीतून झाडं उगवली आहेत, देवळात घाण साचली आहे, शिवाजीला आता कोणी विचारत नाही आणि त्याच्या समाधीच्या डागडुजीला एवढ्या मोठ्या मुलखातून कोणाचा एक रुपया सुटत नाही, असा आपला टोमणा होता. आपल्या चौदा वर्षं आधी, १८६९ साली, जोतीराव फुल्यांनी महाराजांवरचा पोवाडा छापला होता. तो आपल्या टेबलापर्यंत पोचला नसावा. पण टोमणा खरा होता आणि लागलाही. सरकारने लाजेकाजेस्तव समाधीच्या देखभालीला वर्षाकाठी ५ रुपये मंजूर केले. १८९५ साली टिळकांनी 'केसरी'तून निधीची हाक दिली, पुढच्या वर्षी गडावर उत्सवही झाला. समाधीवर छत्री उभी राहायला मात्र १९२०चं दशक उजाडलं. आमच्याकडे समित्या आधी होतात, दगड नंतर येतात.

तर साहेब, कळवण्यास आनंद होतो की ती तक्रार आता निकाली निघाली आहे. गडावर यायला आता दरडोई २५ रुपयांचं तिकीट आहे. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातून आलेलं सहा मोठ्या माणसांचं एक घर पायरी चढण्याआधीच १५० रुपये मोजतं. म्हणजे आपल्या सरकारची ३० वर्षांची तरतूद एका फटक्यात! महागाईचा हिशेब कृपया मध्ये आणू नये.

परभणी कुठे, असं आपण विचाराल. आपल्या काळी हा जिल्हा निजामाकडे होता; १७ सप्टेंबर १९४८ला त्याची सुटका झाली. महाराजांच्या हयातीत तो मुलूख मोगलांचा. महाराज त्या बाजूला आले ते १६७९च्या नोव्हेंबरात, शेजारच्या जालन्यावर चालून, आणि लूट बांधून परतले. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर या मंडळींचं रायगडाकडे येणंच निघतं, देणं नाही. तरीही ती पाचशे किलोमीटर रस्ता तुडवत येतात. जिंतूरकडचे डोंगर सोडले तर गावाकडे उंच म्हणावं असं एकच, पाण्याची टाकी. आणि इथे समुद्रसपाटीपासून ८२० मीटरवर नेऊन ठेवलेली राजधानी. माणसाने यावं कशासाठी, हे त्यातच आलं.

दिवाळीची सुट्टी लागली की क्रूझर ठरते. नऊ जणांची गाडी, आत बारा माणसं, टपावर बॅगा, मागच्या काचेवर महाराजांचा स्टिकर. डब्यात धपाटे, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. पाथरी, माजलगाव, पुणे करत गाडी ताम्हिणी घाट उतरते तोवर दोन लेकरांना गाडी लागलेली असते आणि आजीने ड्रायव्हरला चार वेळा विचारलेलं असतं, ''बाबा, अजून लई लांब हाय का?''

पायथ्याशी घरात फूट पडते. चौथीत शिवरायांचा इतिहास पाठ केलेला नातू पायऱ्यांचा हट्ट धरतो. पायऱ्या चौदाशेच्या वर. नेमक्या किती, यावर दोन गाइडांचं एकमत होत नाही. आजीचे गुडघे रोपवेच्या बाजूचे. १९९६पासून हिरकणीवाडीतून हा पाळणा जातो आणि चार-पाच मिनिटांत वर सोडतो. आजीला पायाखाली दरी बघून देव आठवतात. ''अगं माय, राष्ट्रपती याच्यातूनच गेले होते,'' असं मुलगा सांगतो, आणि ते खरं आहे. ६ डिसेंबर २०२१ला रामनाथ कोविंद हेलिकॉप्टर टाळून रोपवेनेच वर गेले होते. फरक इतकाच की त्यांना रांग नव्हती. सुट्टीच्या दिवशी चार मिनिटांच्या प्रवासाला चार तास थांबायची तयारी ठेवावी लागते. साहेब, शिवाजीला कोणी विचारत नाही म्हणालात ना? या रांगेत एकदा उभे राहून दाखवा.

वर पोचल्यावर भक्ती कामाला लागते. होळीच्या माळावर घोषणा, बाजारपेठेत रील, राजसभेत पुन्हा घोषणा. नगारखान्यापाशी कुजबुजलं तरी सिंहासनापर्यंत ऐकू जातं, ही इथल्या बांधणीची करामत. नातवाला ती करून पाहायची असते. तो बापाला सिंहासनाच्या मेघडंबरीपाशी उभा करतो, धावत नगारखान्याच्या दारात येतो, तोंडापुढे हात धरून हळूच म्हणतो, ''बाबा, भूक लागली.'' पण मधे एका मंडळाने ब्लूटूथचा स्पीकर लावलेला. बाप लांबूनच हात हलवून विचारतो, ''काय म्हणलास?'' पोरगं ओरडतं, ''भूक!'' १६७४ची करामत अशी २० वॅटपुढे हरते.

जगदीश्वराच्या देवळाच्या दाराशी एक पायरी आहे. गड बांधणाऱ्या हिरोजीने आपलं नाव कोरलं ते तिच्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागावेत म्हणून. एवढी राजधानी उभी करणाऱ्याला एक पायरी पुरली. आज गडकिल्ल्यांच्या भिंतींवर खिळ्याने नाव कोरणाऱ्यांनी काय बांधलं आहे, याची चौकशी करायला हरकत नाही. कायदा तोही विचार करून बसला आहे : संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोही कोणाच्या फारसा वाचनात नाही.

आणि समाधी? देवळासमोर थोड्याच अंतरावर. आजी चप्पल काढते, कपाळ टेकते, पदराच्या गाठीतलं नाणं ठेवते. बाकीचे पाठ समाधीकडे आणि तोंड मोबाइलकडे करून उभे राहतात. आपल्या काळी इथे झाडं माजली होती, आता खांदे माजले आहेत. ११ जुलै २०२५ला युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत रायगड आहे, तेव्हा खांदे वाढणारच. पण स्पष्टच सांगायचं तर, ओस पडलेला गड आणि न बघता तुडवलेला गड यांत आजीसारख्या माणसांनीच काय तो फरक ठेवला आहे. ताक विकणाऱ्या बाईच्या टोपलीशी बसून तिने दोन पेले ताक घेतलं, रिकामी बाटली पिशवीत घातली आणि विचारलं, ''इतक्या उंचावर पाणी कुठून यायचं गं?'' गंगासागर तलाव दाखवायला ती बाई स्वतः उठली. साऱ्या घराने गडाबद्दल गडावरच्या माणसाला विचारलेला प्रश्न तो एवढाच.

परतताना पाचाड लागतं. गडावरचा वारा आईला सोसेना म्हणून महाराजांनी इथे वाडा बांधला. ६ जून १६७४ला राज्याभिषेक झाला, १७ जूनला जिजाबाई गेल्या. त्यांची समाधी इथेच आहे. जिजाबाई सिंदखेडराजाच्या जाधवांची लेक. म्हणजे सेलू-जिंतूरकरांना माहेरच्या वाटेवरची. आजी म्हणाली, ''थांबव रे गाडी, आपल्याकडची पोर हाय ती.'' मुलगा म्हणाला, ''माय, उशीर व्हायलाय, रात्रीत पुणं गाठायचंय.'' क्रूझर थांबली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रांगेतला एक

ता. क. : हे आपल्यासाठी नाही, साहेब, आपल्या खांद्यावरून हे पत्र वाचणाऱ्या परभणीकरांसाठी आहे. पाचाडच्या समाधीला गड चढावा लागत नाही आणि रोपवेचं तिकीटही लागत नाही. येताना उशीर होतोच. तेव्हा जाताना आधी तिथे थांबा.