वाळवंटातला तेरावा महिना

पंगतीत "आणखी दोन जिलब्या वाढा" म्हणणारा माणूस भुकेला असतोच असं नाही. त्यानं आहेर केलेला असतो, एवढंच. एसीचं तिकीट काढलं म्हणून कुडकुडत बसणारा, पण पांघरूण रेल्वेचंच घेणारा हाच. आमच्या घरातला नमुना म्हणजे बायकोचा मावसभाऊ. ती दादा म्हणते म्हणून मीही दादा म्हणतो. मनात मात्र वसूलराव.

२०१९ साली दादानं आम्हाला यूटा-ॲरिझोनाच्या सहलीला काढलं. आम्ही तिघं, तो आणि वहिनी. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचा वर्षाचा पास ८० डॉलरला मिळायचा. एका पासावर आख्खी गाडी आत. आता हा पास ज्या महिन्यात घ्याल, पुढच्या वर्षी त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतो. तुम्ही-मी हे वाचून विसरून जाऊ. दादानं कॅलेंडर काढलं. "१ जूनला घेतला तर पुढच्या ३० जूनपर्यंत. तेरा महिने!" मेच्या अखेरची विमानाची तिकिटं माणशी ४० डॉलरनी स्वस्त होती, पण तेव्हा घेतलेला पास पुढच्या मेमध्येच संपला असता. म्हणजे पाच माणसांचे २०० डॉलर जास्त मोजून आम्ही महिनाभराचा पास, ६ डॉलर ६७ सेंटचा, वाचवला.

लास वेगासला गाडी घेतली आणि दादानं खिशातून वही काढली. डावीकडे उद्यान, उजवीकडे 'वसूल'. झायन ३५. ब्राइस ३५. झायनला व्हर्जिन नदीच्या काठाकाठानं चाललो. दोन्ही बाजूंना उंच कडे, मधे गार पाणी. मी वर बघत ठेचकाळत होतो, दादा वही भिजू नये म्हणून डोक्यावर धरून चालला होता. ब्राइसला लालकेशरी दगडी सुळके हजारोंनी, पंगतीला बसल्यासारखे. कॅपिटॉल रीफला बेरीज ८० च्या पुढे गेली, तेव्हा दादानं गाडी बाजूला घेऊन जाहीर केलं, "आता इथून पुढे सगळं फुकट." तिथे जुन्या मॉर्मन वस्तीच्या फळबागा आहेत आणि हंगामात बागेतच उभं राहून खाल्लेल्या फळाला पैसे पडत नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात जर्दाळू हिरवे होते. ती हळहळ मोॲबपर्यंत पुरली.

पण खरा प्रसंग आर्चेसचा. डेलिकेट आर्चची चढण उघड्या खडकावरून आहे, सावली नाही, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला फाटकाशी. चौकी रिकामी. कोणी तिकीट बघायलाच नाही, सरळ आत जा. आम्ही खूश. दादा गप्प. वर पोचलो, ती सोळा मीटर उंचीची कमान कोवळ्या उन्हात पेटल्यासारखी दिसत होती, लेक आनंदानं ओरडत होती. दादा म्हणाला, "आत्ता इथे आलेला प्रत्येक माणूस फुकट आलाय. मग आपल्या पासाचा उपयोग काय?"

नऊ वाजता खाली आलो. दादानं गाडी फाटकाबाहेर काढली, पुढे जाऊन वळवली आणि परत रांगेत लावली. पंचवीस मिनिटं. चौकीतल्या मुलीला पास दिला, मागितला नसताना लायसन्सही दिलं. तिनं हसून नकाशा दिला. दादानं वहीत लिहिलं, आर्चेस ३०. मग म्हणाला, "चला, आता नाश्त्याला." आणि गाडी पुन्हा बाहेर काढली.

कॅनियनलँड्स मी झोपेत पाहिलं. मॉन्युमेंट व्हॅलीला पास चालत नाही, जमीन नवाहो लोकांची, तिकीटही त्यांचं. मी मनात म्हटलं, आता तमाशा होणार. दादानं मुकाट्यानं नोटा काढल्या. गाडीत बसल्यावर म्हणाला, "ह्यांची तर सगळीच वसुली बाकी आहे." वहीत काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉर्सशू बेंडला नुसती गाडी उभी करायला गावाचे १० डॉलर द्यावे लागले, तेव्हा मात्र आम्हाला दोन तास कड्यावर उन्हात उभं केलं.

शेवटी ग्रँड कॅनियन. "पैसे तळापर्यंतचे भरलेत," दादा म्हणाला. ब्राइट एंजल वाटेवर एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परतू नका अशा पाट्या आहेत, चित्रासकट. तळ सव्वा किलोमीटरहून खोल, आणि उन्हाळ्यात वरच्यापेक्षा खाली जास्त तापतं. पहिल्या विसाव्याच्या झोपडीपाशी, जेमतेम अडीच किलोमीटरवर, माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. दादानं स्वतःचा पंचा भिजवून माझ्या मानेवर टाकला, मीठ लावलेली काकडी हातात दिली आणि काही न बोलता तोंड वरच्या दिशेला फिरवलं. माझी पिशवी त्याच्या खांद्यावर. प्रत्येक वळणावर मी बसलो की तोही बसायचा.

"तुझी नदी राहिली," मी म्हटलं.

"राहू दे की. तेरा महिने आहेत."

पुढच्या वर्षी १ एप्रिलला कोविडपायी ग्रँड कॅनियनच बंद झालं. तेरावा महिना दादानं घरात बसून काढला. दुष्काळातला म्हणतात तो हाच असावा.

दोन वर्षांपूर्वी त्याला बासष्ट पूर्ण झाली. त्या वयाला ८० डॉलरमध्ये आजन्म पास मिळतो. वर्षाचा हवा तर २० डॉलर. मला वाटलं, एका महिन्यासाठी विमान बदलणारा माणूस आजन्म सोडतोय कसला! त्यानं वीसवाला घेतला. तेव्हा बायपास होऊन तीन महिने झाले होते.

"आजन्म म्हणजे किती, ते कार्डावर लिहिलेलं नसतं," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून घाईघाईनं, "अरे, चार वर्षांचे चार जमले की त्यांच्या बदल्यात आजन्म देतात. बुडीत काही नाही." गाडीच्या खणात दोन कार्डं आहेत, रबरबँड लावून ठेवलेली.

परवा त्याचा फोन आला. तिसरा घ्यायचाय, १ तारखेला निघू या का. या वेळी मी तिकिटांचा भाव विचारला नाही.