यंत्रातला आवाज हुडकण्याची शास्त्रोक्त पद्धत

हळ्ळीखेड (बी) मधला ‘बी’ बुजुर्गचा. महाराष्ट्रात त्याचंच बुद्रुक झालं. गावाच्या नावातच वडीलकी असल्याने इथे सल्ला मागावा लागत नाही. मोटारीला, गिरणीला किंवा गाडीला नवा आवाज लागला की तो मालकाच्या आधी शेजाऱ्याला ऐकू येतो. अशा वेळी न घाबरता पुढील पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

साहित्य : एक लांब पेचकस, एक धड कान, बघे मोजून चहा.

पायरी १ : आवाजाला नाव ठेवावे.
‘आवाज येतोय’ हे निदान नव्हे. घरघर बेअरिंगची, कुईकुई पट्ट्याची, खडखड ढिल्या नटाची, तडतड स्टार्टरची. व्होल्टेज पडलं की ती हमखास. मराठीने एवढी हत्यारं फुकट दिली आहेत, ती वापरावीत. अडचण इतकीच की एक बघ्या कन्नडमधून नुसतंच ‘सप्पळ’ म्हणतो, दुसरा दखनीतून घरघरीला खडखड ठरवतो, आणि एकमत होईपर्यंत मोटार गार होते. गरम मोटारीचा आवाज गार मोटारीतून निघेलच असं नाही.

पायरी २ : आकाश आणि जमीन वगळावी.
मोटार बंद करून ऐकावे. आवाज चालूच असेल तर वर पाहावे. बिदरच्या हवाई दलाच्या तळावरची सरावाची हॉक विमानं असू शकतात. वर काहीच नसेल, तर पेचकस टाकून मोकळ्या जागेत यावे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट या भागात कुणी विसरलेलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातल्या गडिकेश्वरला जमीन गडगडत होती. तिथे नट आवळून भागण्यासारखं नव्हतं.

पायरी ३ : पेचकस कानाला लावावा.
टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानाजवळच्या हाडावर. पोलादातून आवाज हवेच्या सुमारे पंधरा पट वेगाने येतो, आणि वाटेत सांडत नाही. वीत-वीत सरकत जावे. जिथे सर्वांत मोठा, तिथे उगम. उपरणं आणि पदर पट्ट्यापासून लांब. शेडच्या पत्र्याची साक्ष धरू नये. तो दुसऱ्याच्या दोषापायी थरथरतो, पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यासारखा.

तीन आवाजांना पेचकस लागत नाही. ट्रान्सफॉर्मरची भुणभुण हा रोग नव्हे : वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे त्याचा गाभा सेकंदाला शंभर वेळा कापतो. त्याला लांबून नमस्कार करावा. मोटार हुंकार देते पण फिरत नाही, तर एक फेज गेला आहे. तत्काळ बंद करावी, नाहीतर वाइंडिंग जळेल. एप्रिलमध्ये बोअर गुळण्या करू लागली, तर पंपाला शिव्या देऊ नयेत. खाली पाणीच उरलेलं नाही.

पायरी ४ : एका वेळी एकच उपाय.
नट आवळणे, तेल घालणे आणि उदबत्ती लावणे हे तिन्ही एकदम केल्यास गुण कशाने आला ते कळत नाही. आमच्याकडे श्रेय उदबत्तीला जातं.

पायरी ५ : मिस्त्री.
यंत्र मिस्त्रीच्या दारात गप्प होतं, हा सार्वत्रिक नियम. माझ्या मोटरसायकलला खुळखुळ लागली होती. हळ्ळीखेड ते हुमनाबाद रस्ताभर वाजायची. मिस्त्री स्वतः फेरी मारून यायचा आणि विचारायचा, “आवाज कां से आरा, काका?” चेन बदलली, टॅपेट लावून घेतले, मडगार्डला नवे वायसर घातले. परतीच्या वाटेवर खुळखुळ हजर.

चौथ्या खेपेला त्याने किल्ली मागितली. घराच्या किल्ल्या परक्या हातात द्यायच्या नाहीत, हे आईचं वळण. म्हणून नेहमीप्रमाणे मी जुडग्यातून गाडीची तेवढी सोडवू लागलो. त्याने हात धरला. “पूरा गुच्छा देव, काका.” फेरी मारून आला तो हसतच.

तेव्हा, गाडी दाखवायला नेताना तिच्यावरचं काहीही काढून ठेवू नये. जुडग्यात घराची, पंपघराची, कपाटाची अशा सात किल्ल्या निघाल्या. सातवी कशाची, ते मलाही आठवेना. टाकीवर सर्वांत मोठ्याने तीच आपटत होती.