पुसायचं काय?

१३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका स्पॅनिश गृहस्थाला हक्क दिला: जुन्या थकबाकीपायी निघालेली लिलावाची नोटीस त्याच्या नावाच्या गूगल-शोधातून हटवून घ्यायचा. पालघर जिल्ह्यातल्या, कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या मोखाडा तालुक्याला असा खटला लढावाच लागला नाही. पावसाळा ओसरला की मोखाडा आपोआप विसरला जातो, फुकटात. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतले १९९२चे कुपोषणाचे बालमृत्यू आज कोणाला आठवतात? शोधयंत्राला आठवतात, आणि काहींची अडचण नेमकी तीच आहे.

कोणी म्हणेल, दंडाला कुपोषण मोजायची पट्टी गुंडाळलेल्या उघड्या पोराचा फोटो जन्मभर का मिरवायचा? बरोबर. पट्टी लाल रंगावर, घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. तेच पोर वाढून उद्या नोकरी मागायला गेलं तर हा चेहरा त्याच्या आधी तिथे पोचलेला नको. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याची तरतूद आहेच; नेटवर्क शोधत टेकडी चढणाऱ्या आईने अर्ज तेवढा करायचा! पण चेहऱ्याच्या आडून आकडा, तारीख आणि मंत्र्यांचं आश्वासन पुसायला कोणी निघालं, तर ती खासगीपणाची काळजी नव्हे. विसरलं जाण्याचा हक्क माणसाला असतो, सरकारी खात्याला नाही. खात्याची स्मरणशक्ती तशीही नाजूकच. तेव्हा फोटो खुशाल काढून टाका, आकडा राहू द्या.