मामांनी पायथन काढला

(टेबलावर जुना कॉम्प्युटर. बाजूला कूलर, घरघर जरा जास्तच.)

वर्धेकर, कूलर बंद करा म्हणू नका, होणार नाही. मे महिना आहे. प्रयोग पडला तरी चालेल, कूलर पडायला नको.

तर आमचे मामा. आर्वी नाक्याजवळ मामांचे कॉम्प्युटर क्लासेस. सगळ्या मशिनींवर उबुंटू लिनक्स. का? फुकट म्हणून! (मामांच्या आवाजात) ‘‘विंडोजले पैसे कायले द्यायचे बाबू? आपण सेवाग्रामच्या बाजूचे. साधं राहावं.’’ बिल द्यायची वेळ आली की मामांना गांधीजी आठवतात.

परवा फोन आला. ‘‘बाबू, मशीन मेली. मी तं काहीच नाही केलं.’’

हे वाक्य ऐकलं की समजायचं, भरपूर केलंय.

गेलो. स्क्रीन काळीठिक्कर. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. मामा म्हणाले, ‘‘मले तं दोन दोन रेघा दिसून रायल्या.’’ (थांबून) कसं शक्य आहे? आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे!

‘‘मामा, काढलं काय?’’

‘‘जुना पायथन काढला. पोट्टे म्हणे तीन पॉइंट तेरा आला. आपल्याकडे बाराच होता. नवा आणाचा तं जुना काढा लागते ना!’’

अहो, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि मशीनवरचा तो जुना पायथन म्हणजे घरातला म्हातारा. खाटेवर पडून असतो, कोणी विचारत नाही, पण सातबारा त्याच्याच नावावर! उबुंटूची अर्धी घडी त्याच्यावर बसलेली. मामांनी लिहिलं, ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३’. मशीन बिचारी सज्जन. तिने यादी वाचून दाखवली. (हात जोडून, मशीनच्या आवाजात) ‘‘म्हाताऱ्यासोबत हेही जातील. उबुंटू-मिनिमल जाईल. अपडेट-मॅनेजर जाईल. सॉफ्टवेअर-प्रॉपर्टीज जाईल. उबुंटू-डेस्कटॉप जाईल. मालक, घर जाईल! वाय की एन?’’

मामांनी चष्मा वर केला. यादी नाही वाचली. खालची ओळ वाचली. इतकी इतकी जागा मोकळी होईल.

(आनंदाने) ‘‘जागा मोकळी होते? दाब वाय!’’

पुण्याच्या जावईबापूंना फोन लावला. हिंजवडीत असतात. पंधरा मिनिटं बोलले, त्यातली बारा ‘मुळात असं करायचंच नसतं’ यावर. मुळात! पुण्याचा माणूस आग विझवायला येत नाही, आग लावण्याची योग्य पद्धत काय होती ते सांगतो. उरलेल्या तीन मिनिटांत, ‘‘वर्ध्याला एवढं गरम होतं का हो?’’

ठेवला फोन. कंट्रोल-ऑल्ट-एफ३. लॉगिन आलं. पासवर्ड टाकतोय, अक्षर दिसत नाही. दिसतच नसतं तिथे. मामा ओरडले, ‘‘कीबोर्डबी मेला!’’

आता पंचनामा. ॲप्ट, म्हणजे उबुंटूत सामान आणणारा-काढणारा गडी, सगळं लिहून ठेवतो, ‘हिस्टरी डॉट लॉग’मध्ये. उघडला. कधी केलं, वेळेसकट. काय केलं, आज्ञेसकट. आणि खाली, ‘रिक्वेस्टेड बाय’: मामा! तलाठ्यानेसुद्धा इतकं स्वच्छ कधी लिहिलं नसेल.

मामा वाकून बघतात. ‘‘असू शकते दुसऱ्या कोणाचा मामा.’’

नशीब, ॲप्ट स्वतः सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेला, म्हणून पायथन गेला तरी तो जिवंत. ज्याने घर पाडलं, त्यालाच उभं करायला लावलं. नेटची केबल खोचली. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३ उबुंटू-डेस्कटॉप’. ओळींमागून ओळी धावायला लागल्या. मामांचं लक्ष फक्त एमबीकडे. ‘‘फुकट म्हणत होता ना बे?’’

बसल्या बसल्या म्हटलं, मामा, सेवाग्रामला बापूंच्या दफ्तरात साप ठेवायचा पिंजरा पाहिलाय ना? साप मारायचा नाही, धरून दूर सोडायचा. आणि हा पायथन तर सापही नाही हो! गिडो व्हॅन रॉसम म्हणून डच माणूस, १९९१ मध्ये त्याने ही भाषा लोकांपुढे आणली. नाव ठेवलं इंग्रजांच्या एका विनोदी कार्यक्रमावरून, ‘माँटी पायथन’.

‘‘म्हंजे विनोदी लोकायचं काम? म्हून फुकट.’’

(प्रेक्षकांकडे) आजच्या प्रयोगाचे आयोजकही मामाच आहेत.

(आवाज खाली) मशीन सुरू झाली तेव्हा क्लासची वेळ झाली होती. देवळीहून येणारी एक पोरगी पहिली आली. चप्पल दाराबाहेर काढली. बसली आणि एका बोटाने मराठीत ‘कापूस’ लिहिलं. २००८ मध्ये पायथन ३ आला, तेव्हापासून देवनागरी नावं चालतात त्यात. कापूस म्हणजे क्विंटल, भाव म्हणजे भाव. दोघांचा गुणाकार, त्यातून हमाली वजा. एंटर. आकडा आला. तिने दप्तरातून बापाची कापसाची पट्टी काढली, बोट ठेवून आकडा ताडून पाहिला, मग पट्टीची घडी करून परत ठेवली. जुळला की नाही, सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१९३७ साली याच वर्ध्यात देशभरातले लोक बसले होते, पोरांना हाताने काम करत शिकवायचं कसं, ते ठरवायला. मला वाटलं, हे त्यातलंच...

‘‘वजा काहून केलं बे पोरी? थे काम व्यापारी करते ना!’’

मामा! जरा गंभीर होऊ द्याल?

‘‘हो तू. मी नवीन पॅकेज टाकतो.’’

पॅकेज बसवणारं पिप लावलं. मशीनने लाल अक्षरांत नकार दिला, ही सिस्टमची जागा आहे, वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे वेगळी खोली, करा. आणि अगदीच ऐकणार नसाल तर म्हणून खाली एक पर्याय: ‘ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’. नावच ते आहे! सिस्टम मोडा!

मामा चष्मा वर करून वाचतात. ‘‘बाबू, मशीनच म्हणून रायली मोडा म्हून. आपण नाही कसं म्हणावं?’’

(धावत) मामा! हात खिशात! दोन्ही!